फलश्रुतीच्या पलीकडचे वाचन

पोथी वाचणे आणि पुस्तक वाचणे या दोन क्रिया आपण एकाच क्रियापदाने सांगतो, आणि त्यामुळे त्या एकच असाव्यात असा समज होतो. वास्तविक त्यांत अंतर मोठे आहे. पोथी चौरंगावर ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात. स्नान करून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या अध्यायांनी ती पुरी करतात. मध्येच थांबून ‘हे असे कसे?’ असे विचारण्याची तेथे सोय नाही. थांबले तर पारायण खंडित होते. पुस्तकाचे उलट. ते मध्येच मिटता येते, मागची चार पाने पुन्हा उलटता येतात, त्यावरून मित्राशी वाद घालता येतो, आणि पटले नाही तर मुदतीच्या आत निमूटपणे परत करता येते. सार्वजनिक वाचनालय ही संस्था या दुसऱ्या प्रकारच्या वाचनासाठी निघाली. शताब्दीच्या या स्मरणग्रंथात वाचनालयाचे गुणगान करणारे इतर लेख असतीलच. पहिल्या प्रकारच्या वाचनाची सवय दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांवर कशी पसरत गेली आणि त्याची किंमत काय पडली, याचा थोडा इतिहास पांढुर्णा व सौंसर या आपल्या भागाच्या निमित्ताने मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पारायणाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ज्या घरांत दुसरे एकही छापील पान नव्हते त्या घरांत ‘गुरुचरित्रा’ची, ‘शनिमाहात्म्या’ची किंवा ‘हरिविजया’ची प्रत होती. अक्षरओळख पोथीवर झाली, कान ओवीवर घडला. दासगणूंनी १९३९ च्या सुमारास ‘श्रीगजाननविजय’ हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ रचला आणि शेगावच्या महाराजांची कथा वऱ्हाड-नागपूरच्या घराघरांत गेली, ती सातपुड्याच्या या उतारापर्यंतही आली. परंतु पोथीचा एक अवयव असा आहे की ज्याकडे आपण कधी निरखून पाहत नाही. तो म्हणजे शेवटची फलश्रुती. हे वाचणाऱ्यास संतती होईल, दारिद्र्य जाईल, रोग हटेल, शत्रू नमेल. फलश्रुती ही ग्रंथकाराची रीत होती; श्रोत्याला शेवटपर्यंत बसवून ठेवण्याचा तो एक प्रेमळ उपाय म्हणता येईल. पण वाचणारा तिला करार समजू लागला की एक चमत्कारिक गोष्ट घडते. फळ मिळाले तर श्रेय पोथीचे. न मिळाले तर दोष वाचणाऱ्याच्या श्रद्धेचा, उच्चाराचा किंवा सोवळ्याचा. पोथी कोणत्याही बाजूने हरत नाही. ज्या विधानाला हरण्याची वाटच ठेवलेली नाही ते विधान पारखता येत नाही, ही गोष्ट तर्कशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याला व्यवहारात ठाऊक असते.

शेतकऱ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. हा संत्र्याचा मुलूख. संत्र्याची कलमे घ्यायला गेलेला आपल्याकडचा माणूस काय काय विचारतो ते ऐकण्यासारखे असते. खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लिंबाचा? डोळा कोणत्या झाडावरचा भरला? त्या झाडाला डिंक्या होता काय? रोपवाटिका कोणाची, मागल्या साली तिची कलमे कोणी नेली, त्यांच्यातली किती जगली? पाच-सहा वर्षे फळाची वाट पाहावी लागणार असल्यामुळे तो गोड बोलण्यावर विसंबत नाही. ज्याने आधी लावले त्याच्या बागेत जाऊन झाडाच्या बुंध्याशी बसतो. हाच माणूस पोरीच्या दुखण्यासाठी, मुलाच्या परीक्षेसाठी किंवा डोक्यावरच्या कर्जासाठी एखाद्याच्या पायाशी जातो तेव्हा यांतला एकही प्रश्न विचारीत नाही. बुद्धी तीच असते. फक्त ती कोठे बरोबर न्यावी आणि कोठे दाराशी जोड्यांबरोबर काढून ठेवावी, याचा एक अलिखित दंडक असतो.

हा दंडक पाळणारे आपणच आहोत असे नव्हे. परंतु आपल्या भागाच्या वाट्याला एक खास परिस्थिती आली. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढे शतकभर नागपूर हीच राजधानी राहिली. नागपूर-इटारसी लोहमार्गाने पांढुर्णा त्या शहराला जोडले गेले. बाजार, दवाखाना, महाविद्यालय, छापखाना, कीर्तनकार सगळे तिकडचेच. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरातली भाषा मराठी, कचेरीतली हिंदी.

त्या सालाच्या अखेरीचे दिवस मुद्दाम आठवण्यासारखे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली व दिली. ६ डिसेंबरला त्यांचे निर्वाण झाले. २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. म्हणजे दहा आठवड्यांच्या आत या मराठी मुलखाने दोन असे पुरुष गमावले, ज्यांनी लोकांना मुख्यतः प्रश्न विचारायला शिकविले होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपण महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेपासून एका राज्यसीमेने वेगळे झालो. पुढे पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे उशिरा येत, वादविवाद त्याहून उशिरा. पोथी मात्र वेळेवर येत असे, कारण तिला ताजेपणाची गरज नव्हती.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीत अभ्यासण्याजोगी आहे. ते निरूपण कमी करीत आणि विचारीत जास्त. समोर बसलेल्या खेडुतांना एकेक साधा प्रश्न घालायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. नवसाला बकरे का मारता? देवाला ते हवे हे कोणी सांगितले? कर्ज काढून सण केल्याने कोण पावला? शेवटी श्रोत्यांच्या लक्षात येई की उत्तर आपल्याजवळ होतेच, फक्त आजवर कोणी विचारले नव्हते. आणि ज्या क्षणी लोक पाया पडायला धावत त्या क्षणी हा माणूस खराटा उचलून चालता होई. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत राहिले. चमत्कार करीत नसलेला संत लोकांना परवडत नाही, म्हणून की काय, त्यांच्याही नावावर पुढे कथा जमा झाल्याच.

तुकडोजी महाराजांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेले खंजिरीचे भजन विदर्भाच्या या उत्तरेकडील काठावरही चांगले रुजले. १९५५ ची ‘ग्रामगीता’ हा एक्केचाळीस अध्यायांचा ग्रंथ वस्तुतः गावाच्या कारभाराचे पुस्तक आहे. संडास, रस्ता, शाळा, सावकारी, लग्नातली उधळपट्टी, बुवाबाजी, चमत्काराचा सोस, या सगळ्यांची त्यात झडती आहे. लेखकाची अपेक्षा उघड होती. गावकऱ्यांनी एक अध्याय वाचावा, मग उठून आपले गाव पाहावे. आपण काय केले? ‘ग्रामगीता’ही चौरंगावर ठेवली, तिला हार घातला आणि सप्ताह बसविला. आठव्या दिवशी महाप्रसाद झाला आणि गटार होते तसेच राहिले. पारखायला सांगणारा ग्रंथसुद्धा न पारखता, केवळ पुण्य म्हणून वाचता येतो, याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

पारखण्याचा आग्रह ही बाहेरून, इंग्रजी विद्येबरोबर आलेली गोष्ट आहे, असे एक मत आपल्याकडे आवडीने सांगितले जाते. ते इतिहासाला धरून नाही. बाळशास्त्री जांभेकर, लोकहितवादी, जोतीराव फुले आणि आगरकर यांच्यावर पाश्चात्त्य विद्येचा संस्कार होता हे खरे. आगरकरांचे काही शिक्षण तर आपल्या शेजारच्या अकोल्यात झाले. परंतु समर्थांनी त्यांच्या दोनशे वर्षे आधी ‘दासबोधा’त गुरू कसा ओळखावा व भोंदू कसा टाळावा यासाठी विस्ताराने लिहिले, प्रचीतीवाचूनच्या बोलण्याला किंमत दिली नाही. गीतेचा शेवट पाहावा. अठरा अध्याय सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आज्ञा करीत नाहीत. यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर, असे सांगतात. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश त्याच दिशेचा आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. गंमत अशी की या तिन्ही परंपरांचे अनुयायी आपल्या गावांत शेजारी शेजारी नांदतात आणि तिघांनीही आपापल्या ग्रंथातला नेमका हाच भाग नमस्कार करून बाजूला ठेवला आहे.

पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले ते गोटमारीमुळे, तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा नागपुरात लहान मुले तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन मिरवत असतात तेव्हा, जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. पात्राच्या मध्ये पळसाचे झाड व त्याला झेंडा. तो तोडून चंडीमातेच्या देवळात नेला की खेळ संपतो. कारण विचारले तर कोणी प्रेमी युगुलाची कथा सांगतो, जे नदी ओलांडताना दोन्हीकडच्या दगडांनी मारले गेले. कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची गोष्ट सांगतो. या दोन कथा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि न जुळण्याने कोणाचेच अडत नाही. कारण येथे कथा हे कारण नसून नंतर शोधलेले निमित्त आहे. दरवर्षी शेकडो जखमी होतात. गेल्या सात दशकांत डझनभराहून अधिक बळी गेल्याचे वृत्तपत्रे मोजून सांगतात. १९७८ व १९८७ मध्ये पोलिसांचा गोळीबार झाला. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले, ते चालले नाहीत. देवळाची विभूती लावली की जखम भरते, असा समज आहे. धनुर्वाताची लस टोचून घेणारेही आता पुष्कळ आहेत, आणि तेच लोक दोन्ही करतात. गोटमारीला कोणी गुरू नाही, ग्रंथ नाही, उपदेश नाही. म्हणून ती प्रस्तुत विषयाच्या कडेला बसते. पण ‘चालत आले आहे’ या तीन शब्दांचे वजन किती असते ते तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

सौंसरकडची जामसावळी हे याहून नाजूक प्रकरण. तेथील निजलेल्या हनुमानाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात, आणि त्यांत मनाच्या आजाराने पीडलेले, ‘बाधा’ झाली म्हणून आणलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक असतात. त्यांची टवाळी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. व्हिडा स्कुल्टन्स या संशोधक बाईंनी महाराष्ट्रातील एका महानुभाव देवस्थानात राहणाऱ्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेथे रुग्णाबरोबर राहणाऱ्या आया-बहिणी त्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे म्हणून स्वतः अंगात आणून घेत. ज्या समाजात मनाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचणे दुर्मीळ, तेथे देवस्थान हे निदान न हाकलणारे ठिकाण असते. येथपर्यंत समजून घेता येते. परंतु ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, हेही तितकेच खरे आहे. श्रद्धेने दिलेला आसरा आणि श्रद्धेने अडवलेला उपचार यांच्यामधली रेषा ओळखायची तर प्रश्न विचारावाच लागतो.

तो न विचारल्याने काय होते याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. पांढुर्णा-सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते. छिंदवाड्यात आसाराम यांच्या आश्रमाचे निवासी गुरुकुल होते. २००८ च्या पावसाळ्यात तेथे काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुलांचे मृतदेह सापडले. शहरात क्षोभ उसळला, तपास झाला, त्याच शाळेतील एका विद्यार्थ्याला पकडले गेले, आणि गुरुकुल चालू राहिले. २०१३ मध्ये तेथे शिकणारी एका भक्त कुटुंबातील अल्पवयीन मुलगी आजारी पडली. पालकांना सांगण्यात आले की तिला भूतबाधा आहे आणि उपाय बापूंकडेच होईल. पालकांनी डॉक्टरला विचारले नाही. मुलीला जोधपूरजवळच्या आश्रमात नेले. पुढे जे झाले त्याबद्दल जोधपूरच्या विशेष न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ रोजी आसाराम यांना बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. या प्रकरणातील आईवडिलांना मूर्ख ठरविणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. वर्षानुवर्षांच्या श्रद्धेनंतर, मुलीचे ऐकल्यावर, थोड्याच दिवसांत ते पोलिसांत गेले. धमक्या आल्या, साक्षीदारांवर हल्ले झाले, काही साक्षीदार मारले गेले, तरी मागे हटले नाहीत. ज्याला आपण चिकित्सा म्हणतो ती त्यांना न वाचता, सर्वांत महाग दराने शिकावी लागली.

त्याच महिन्यात, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी अनेक वर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा काही दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरमध्ये संमत झाला. देव मानण्यास त्यात कोठेही मनाई नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, वैद्यकीय उपचारापासून रोखणे, अलौकिक शक्तीचा दावा करून फसविणे, असे नेमके प्रकार त्यात गुन्हा ठरविले आहेत. मात्र कायदा राज्याच्या हद्दीपुरता असतो. सावनेर ओलांडून सौंसरच्या बाजूला आले की भाषा तीच, पोथी तीच, बाबा तेच, कायदा तो नव्हे. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, जामसावळीला ‘हनुमान लोक’चे भूमिपूजन झाले आणि त्याच समारंभात पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली, ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून तो जिल्हा अस्तित्वात आला.

आता वाचनालयाच्या कपाटाकडे येऊ. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी ग्रंथालयांतून कादंबरीशी स्पर्धा करणारा एक नवा वर्ग आला: यश कसे मिळवावे, श्रीमंत कसे व्हावे, अंतर्मन कसे जागवावे. पोथी न वाचणारी तरुण मंडळी ही पुस्तके वाचतात आणि आपण जुन्या भाबडेपणातून सुटलो असे मानतात. या पुस्तकांची कुळकथा पाहिली तर वेगळेच दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फिनियस क्विम्बी नावाच्या गृहस्थांनी आजार हा चुकीच्या समजुतीतून होतो असे मत मांडून उपचार सुरू केले. त्यातून ‘नवविचार’ या नावाने ओळखले जाणारे धर्मपंथ निघाले. अंतर्मनाच्या शक्तीवर १९६३ मध्ये गाजलेले पुस्तक लिहिणारे जोसेफ मर्फी हे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतले संशोधक नव्हते. ते याच वळणाच्या एका चर्चचे लॉस एंजलिसमधील धर्मोपदेशक होते. नेपोलियन हिल यांचे श्रीमंतीवरचे पुस्तक १९३७ चे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने स्वतः बोलावून हे काम आपल्यावर सोपविले, असा हिल यांचा दावा. कार्नेगीचे चरित्रकार डेव्हिड नासॉ यांना त्या भेटीचा काहीच पुरावा आढळला नाही. २००६ च्या ‘द सीक्रेट’ने तर मनात इच्छा धरली की विश्व ती पुरवते, इतक्यावर गोष्ट आणली.

यांतील काही उपदेश उपयोगी नाहीत असे नव्हे. वेळेवर उठावे, हिशेब ठेवावा, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, हे कोणी नाकारणार नाही. पण पुस्तकाचा सांगाडा पाहा. आरंभी संकटातून तरलेल्या भक्तांच्या कथा, मध्ये नित्यपठणाचा विधी, मलपृष्ठावर फलश्रुती. फळ न मिळाल्यास दोष कोणाचा? तुमच्या विचारांत शंका होती. ज्यांनी तेच नियम पाळले आणि ज्यांचे दुकान बुडाले त्यांच्यासाठी त्यात एकही पान नसते. बागेत जगलेली चार झाडे दाखवून मेलेली चाळीस उपटून टाकणाऱ्या रोपवाटिकेसारखा हा प्रकार आहे. त्यातून अपयशी मुलावर दुहेरी ओझे पडते. कापसाचा भाव पडला, नोकरीची भरती रद्द झाली, तरी चूक त्याच्या मनाची. जुनी पोथी निदान प्रारब्धावर थोडा भार टाकून माणसाला मोकळे करीत असे.

सभासदांपैकी कित्येकांच्या लक्षात आले नसेल, पण ही दोन्ही प्रकारची पुस्तके ग्रंथालयात एकमेकांपासून बरीच दूर उभी असतात. दशांश वर्गीकरणात धर्माला २०० चा अंक असून हिंदू धर्माचे ग्रंथ २९४ च्या आसपास येतात. यशप्राप्तीची पुस्तके १५८ खाली, म्हणजे मानसशास्त्राच्या रांगेत, स्मृती आणि बुद्धिमापनावरच्या शास्त्रीय ग्रंथांच्या शेजारी बसतात, आणि शेजाऱ्यांची प्रतिष्ठा त्यांना आपोआप मिळते. दाभोलकरांचे ‘तिमिरातुनी तेजाकडे’ आणखी तिसरीकडे कोठे तरी असते. ग्रंथपालाला याबद्दल बोल लावता येत नाही. अंक त्याने ठरविलेले नाहीत. त्याला एवढे मात्र करता येईल की कोणी १५८ मधले पुस्तक देवघेवीच्या टेबलावर आणले, तर हे लिहिणारा कोण होता आणि त्याने सांगितलेले कोणी करून पाहिले, एवढे दोन प्रश्न शिक्का मारता मारता विचारावेत.